माझ्या दुखण्याचं नाव जेलमध्ये कळलं

मला सिकलसेल आहे. हा रक्ताचा आजार आहे. आईबापांकडून येतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि पुरता जातही नाही. सांभाळावा लागतो. एवढं मी आज पाड्यावर कुणालाही समजावून सांगू शकतो. पण वयाची तिशी आली तरी माझ्या दुखण्याला काही नाव आहे, हेच मला माहीत नव्हतं. ते कळलं तेव्हा मी जेलमध्ये होतो, कच्चा कैदी म्हणून.

आमच्यासारख्या घरांमध्ये कुणाला असं दुखत असेल, किंवा कुणी आत असेल आणि बाहेरचे काळजीत असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधाचं डॉक्टरांना विचारा. माझ्यावर आणि माझ्या घरावर काय गेलं, तेवढंच मी सांगतो.

कळ

आम्ही वारली. बोरीवलीच्या पूर्वेला इमारती संपून झाडी सुरू होते तिथे आमचा पाडा आहे, पणजोबांच्याही आधीपासूनचा. लहानपणापासून मला अधूनमधून कळ यायची. गुडघ्यात, पाठीत, कधी दंडात. हाडाच्या आत कुणी पाना लावून आवळतंय, असं वाटायचं. थंडी पडली, पावसात भिजलो किंवा उन्हात फार राबलो की हमखास यायची. डोळे पिवळे दिसायचे. आई मला गोधडीत गुंडाळायची आणि आमचे लाडक्या भगत पाला गरम करून अंग शेकून द्यायचे. त्याने खरंच बरं वाटायचं. चार-पाच दिवसांत मी उठून खेळायला जायचो.

माझ्या मोठ्या बहिणीला, कमळीला, असंच व्हायचं. ती लहान असतानाच गेली. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही.

मोठा झाल्यावर मी अंधेरीला एका ऑफिसच्या बागेत माळी म्हणून लागलो. कळ आली की दांडी व्हायची. साहेबांना वाटायचं हा पितो. मी कधीच पीत नव्हतो, पण कळ म्हणजे काय हे मलाच सांगता यायचं नाही, म्हणून मान खाली घालून उभा राहायचो. माझं लग्न रंजनाशी झालं, प्राची झाली. दिवस बरे चालले होते.

आत

पाड्यावरून बसस्टॉपकडे जाणारी पायवाट शेजारी इमारती बांधणाऱ्या एका ठेकेदाराने पत्रे ठोकून बंद केली. आम्ही विचारायला गेलो. बोलाचाली झाली, ढकलाढकली झाली आणि कुणीतरी मारलेल्या दगडाने वॉचमनचं डोकं फुटलं. दगड मी मारला नव्हता, पण मी पुढे उभा होतो. आम्हा चौघांना धरलं. केस अजून चालू आहे, त्यामुळे यापेक्षा जास्त लिहीत नाही. जामीन झाला, पण जामिनाला उभं राहायला कागदपत्रं असलेला माणूस लागतो. आमच्या पाड्यावर घरं आहेत, घराचे कागद कुणाकडे नाहीत. म्हणून चौघंही आतच राहिलो, वेगवेगळ्या बराकींमध्ये.

बराकीत झोपायला फरशी आणि एक कांबळं. दाटीवाटी इतकी की संडासला जायचं तर झोपलेल्या माणसांना ओलांडून जावं लागे, आणि शिव्या खाव्या लागत. म्हणून मी पाणी पिणंच कमी केलं. माझ्या आजारात पाणी कमी पिणं म्हणजे कळीला आवतण देणं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी गिनतीला सगळ्यांना रांगेत बसवलं आणि मला उठताच येईना. दोन्ही मांड्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या. हवालदार म्हणाला, नाटक करू नकोस, ऊठ. मी उठलो नाही तेव्हा त्याने काठीने पायाला डिवचलं. त्यालाही दोष काय देऊ, आत खरंच पुष्कळ जण नाटक करतात. दवाखान्यातल्या कंपाउंडरने न बघताच एक पांढरी गोळी दिली. दुसऱ्या वेळेलाही तीच. तिसऱ्या वेळी मी सांगितलंच नाही. दात दाबून भिंतीला टेकून बसायला शिकलो. आत गेल्यावर मी शिकलेली सगळ्यात वाईट गोष्ट ती. दुखतंय म्हणून सांगणं मी सोडून दिलं.

माझ्या शेजारी सलीमभाई झोपायचा. कुर्ल्याचा रिक्षावाला, वयाने मोठा. त्याच्या मात्र लक्षात आलं. तो आपल्या वाट्याचं पाणी माझ्यापुढे सरकवायचा आणि म्हणायचा, पी ले, मैं हूँ ना.

मग एका दुपारी ताप चढला आणि छातीत दुखायला लागलं. श्वास पुरा घेता येईना. सलीमभाईने बराकीच्या गजांवर थाळी आपटून आपटून हवालदाराला बोलावलं, आणि त्याने आणि आणखी तिघांनी मला कांबळ्यात घालून जेलच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर सबनीस

त्या दिवशी दवाखान्यात एक नवीन डॉक्टर होत्या. डॉक्टर सबनीस. मुलुंडहून यायच्या. त्यांनी मला ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं, आणि मी जरा बोलायच्या स्थितीत आल्यावर स्टूल ओढून जवळ बसल्या. आत कुणी मला अहो-जाहो करत नव्हतं. त्यांनी केलं.

"तुम्ही मूळचे कुठले?"

"बोरीवली."

"त्याआधी?"

"त्याआधी पण बोरीवलीच."

त्या किंचित हसल्या. मग त्यांनी समाज विचारला. हा प्रश्न आजवर ज्यांनी विचारला, त्यांचा आवाज उत्तर ऐकून बदलला होता. म्हणून मी विचारलं, कशाला? त्यांनी कारण सांगितलं. त्यांनी पूर्वी जव्हारकडे काम केलं होतं आणि तिथल्या आदिवासी पाड्यांवर असं दुखणं त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. मी म्हणालो, वारली. त्यांनी माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त घ्यायचं म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. वॉचमनचं रक्त त्या दगडावर होतं. माझं रक्त घेऊन हे लोक काहीतरी जुळवणार आणि केसमध्ये लावणार, असं माझ्या मनात आलं. हे मी बोललोसुद्धा. त्यांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. हे रक्त कोर्टात जाणार नाही, लॅबमध्ये जाईल, आणि रिपोर्ट आला की तो आधी मी तुम्हालाच सांगेन, असं त्या म्हणाल्या. हवं तर उद्या घेऊ, असंही म्हणाल्या. ती सुई त्यांनी खाली ठेवली नसती, तर मी हात पुढे केला नसता.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं. रक्तातल्या पेशी गोल असतात, तुमच्या विळ्यासारख्या वाकतात, मग बारीक नसांमध्ये अडकतात आणि रक्त पुढे जात नाही, तिथे कळ येते, असं त्यांनी सांगितलं. छातीत अडकल्या होत्या म्हणून या वेळी जिवावर बेतलं होतं. मी ऐकत होतो, पण अर्धं डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी मी एवढंच विचारलं की म्हणजे मला खरंच दुखत होतं का.

त्या म्हणाल्या, "खरंच दुखत होतं. लहानपणापासून खरंच दुखत होतं."

मी रडलो. पोलिसांनी धरलं तेव्हा रडलो नव्हतो. त्या उठून गेल्या नाहीत, गप्पही करायला गेल्या नाहीत. माझं रडणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, घरी कोण कोण आहे? मुलं किती?

तेव्हा मला प्राची आठवली. तिला सारखा ताप यायचा. तिचं पोट डाव्या बाजूला थोडं फुगलेलं असायचं.

काचेपलीकडे

माझी औषधं सुरू झाली. रोज एक कॅप्सूल आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. डॉक्टरांनी जेलरना सांगून मला पाण्याची बाटली जवळ ठेवायची परवानगी मिळवून दिली, जास्तीचं कांबळं दिलं आणि ऊन येतं त्या भिंतीजवळ माझी जागा केली. जेलर म्हणाले होते, एकाला दिलं की सगळे मागतील. डॉक्टर म्हणाल्या, ज्यांना गरज आहे त्यांचे रिपोर्ट मी आणून देते. आमच्यासारखे जे आदिवासी कैदी आत होते, त्यांना त्यांनी एकेक करून बोलावलं. मीच त्यांना सांगायचो, हे रक्त केसमध्ये लागत नाही. त्यांतल्या आणखी दोघांना निघालं.

पण या आजारात एकट्या माणसाला औषध देऊन भागत नाही, घरालाही सोबत घ्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. कैद्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या एक नीलमताई होत्या, भांडुपच्या. रक्ततपासणीचं बोलायला डॉक्टरांनी त्यांना आमच्या पाड्यावर पाठवलं. मात्र रंजनाला मी स्वतः सांगावं, असं त्यांना वाटत होतं.

मुलाखतीला, म्हणजे घरच्यांच्या भेटीला, मधे काच असते आणि बोलायला फोन. रंजना कामावर सुट्टी टाकून यायची, सकाळपासून रांगेत उभी असायची. मी तिला आजाराचं सांगितलं. 

"आता हे पण?" ती म्हणाली. मग म्हणाली, "प्राचीला तुझ्यामुळे झालं तर?"

तेवढ्यात वेळ संपली. पुढच्या मुलाखतीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अंग सुधारत होतं, भूक लागत होती, आणि मला वाटत होतं की घर गेलं.

भगत

पाड्यावर काय झालं ते मला नीलमताईंकडून कळलं. त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली. जेलमधून आलेली बाई रक्त मागते म्हटल्यावर कोण उघडणार? माझ्या आईनेच त्यांना सांगितलं, की आधी लाडक्या भगतांकडे जा. ताई गेल्या, त्यांच्या ओट्यावर बसल्या, चहा घेतला. भगतांनी पुष्कळ प्रश्न विचारले. रक्त कुठे नेता, उरलेल्याचं काय करता, निघालं तर पुढे काय देता. ताईंना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं, जे माहीत नव्हतं ते डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाल्या, आणि तसं केलंही.

तपासणीच्या दिवशी भगत पहिले येऊन बसले आणि त्यांनी हात पुढे केला. लोकांना ते म्हणाले की अंग शेकायचं काम माझं, ते मी करीन, पण रक्तात काय आहे ते मला दिसत नाही, ते हे तपासणारे बघतील. मग माणसं आली. रंजनाही प्राचीला कडेवर घेऊन आली.

बरेच दिवसांनी ती मुलाखतीला आली. फोन उचलला आणि सरळ म्हणाली, "माझ्यात पण आहे. थोडं. मला त्रास नाही होत, पण मुलीत उतरतं."

खरं सांगतो, मला क्षणभर हलकं वाटलं. एकट्या माझ्यामुळे नाही, असं. लगेच तिने पुढचं सांगितलं, की प्राचीला पूर्ण निघालाय, आणि ते हलकं वाटणं कुठल्या कुठे गेलं. आम्ही दोघं फोन कानाला लावून बसून राहिलो. मागच्या रांगेतली माणसं गडबड करत होती. रंजना वेळ संपेपर्यंत उठली नाही. जाताना म्हणाली, पोरीचं औषध सुरू केलंय, तू तुझं चुकवू नकोस.

आई आणि जानी काकू

आईमध्येही रंजनासारखंच निघालं. बाप हयात नाही, पण त्याच्यातही असणार, डॉक्टर म्हणाल्या, म्हणजे तुमच्या बहिणीलाही हेच असावं.

हे ऐकून आई मला भेटायला आली, नीलमताईंसोबत. तिला फोन धरता येत नव्हता, उलटा धरला होता. आई वारलीत बोलते, मी इथे मराठीत लिहितोय. तिने एकच विचारलं.

"मग कमळीला कुणी काही केलं नव्हतं?"

तिचा प्रश्न समजायला तुम्हाला जानी काकू माहीत हवी. जानी काकू माझ्या चुलत्याची बायको, लवकर विधवा झालेली. कमळी गेली तेव्हा तेव्हाच्या भगताने, म्हणजे लाडक्या भगतांच्या वडिलांनी, जानी काकूचं नाव काढलं. भुताळी म्हणून, म्हणजे करणी करून पोर मारणारी. तिला मारलं नाही कुणी, पण ओढ्यापलीकडे एकटी राहायला लावलं. लग्नाला बोलावणं नाही, बाळंतिणीच्या घरात पाऊल नाही. मी लहानपणापासून तिच्या दारावरून जाताना धावत जायचो. मला तसंच शिकवलेलं होतं.

मी आईला म्हणालो, नाही, कुणी काही केलं नव्हतं. ते रक्तात होतं. आईने फोन खाली ठेवला आणि पदराने तोंड झाकून बसली.

घरी गेल्यावर ती ओढ्यापलीकडे गेली. जानी काकूने तिला आत बोलावलं नाही. आई दारात उभी राहून सगळं बोलली, रडली. जानी काकूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे रक्तात दिसतं का? आई म्हणाली, दिसतं, कागदावर लिहून येतं.

"मग पाड्यासमोर सांग," जानी काकू म्हणाली. "माझ्या दारात नको."

पुढच्या तपासणीला सगळे जमले असताना, जानी काकूही कडेला उभी असताना, आई उभी राहिली आणि तिने सांगितलं. माझी आई चारचौघांत कधी बोललेली नाही. ती काय बोलली ते रंजनाने मला नंतर सांगितलं. माझी मुलगी आजाराने गेली, जानीचं त्यात काही नव्हतं, आम्ही तिच्यावर अन्याय केला. लाडक्या भगत मान खाली घालून बसले होते. मग उठून त्यांनी जानी काकूच्या पायांना हात लावला.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. एवढी वर्षं कुणी परत देत नाही. आता लग्नाला तिला बोलावणं जातं आणि ती जाते. आमच्या घरी मात्र अजून जेवत नाही. आई दर सणाला विचारते, ती दर सणाला नको म्हणते.

बाहेर

सरकारकडून मिळालेल्या वकील मॅडमनी माझे रिपोर्ट कोर्टात लावले आणि जामीनदाराशिवाय, माझ्या स्वतःच्या हमीवर कोर्टाने मला सोडलं. पाठोपाठ बाकीचे तिघंही सुटले. निघताना डॉक्टर सबनीसांनी पुढच्या औषधांचं पाकीट हातात दिलं आणि घराजवळच्या सरकारी हॉस्पिटलात कुठल्या वारी जायचं ते समजावून सांगितलं. मधे एकही दिवस खंड पडू देऊ नका, म्हणाल्या. सलीमभाई गजांपर्यंत आला होता. तो अजून आतच आहे. त्याच्या घरी मी जाऊन येतो.

बाहेर येऊन सगळं गोड झालं नाही. अंधेरीची नोकरी गेली होती. प्राचीने मला बघून रंजनाच्या मागे तोंड लपवलं. रंजना आणि मी पहिले काही महिने सारखे भांडलो, बहुतेक वेळा क्षुल्लक गोष्टींवरून, आणि खरं भांडण कशाचं आहे ते दोघांनाही माहीत होतं. दुसरं मूल होऊ द्यायचं का, हा प्रश्न आमच्यात अजून आहे. त्यासाठी आम्ही दोघं मिळून डॉक्टरांशी बोललो, हे त्यातल्या त्यात बरं. आता मी एका नर्सरीत काम करतो, सावलीत, रोपांचं. मालकाला पहिल्याच दिवशी आजाराचं नाव सांगितलं. कळ अजून येते, पण पहिल्यासारखी वारंवार नाही.

गेल्या थंडीत प्राचीला पहिली मोठी कळ आली. सकाळी शाळेचा युनिफॉर्म घालता घालता ती खाली बसली आणि गप्पच झाली. रडली नाही, ओरडली नाही, भिंतीला टेकून ओठ दाबून बसली. तिला कुणी शिकवलं होतं तसं बसायला? मी तसाच रिक्षाने तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. रंजना कामावरून परस्पर आली. सलाईन लावलं. नर्सने वाकून विचारलं, किती दुखतंय बाळा, थोडं की जास्त?

प्राचीने आधी नर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं सांगू की नको, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी तिच्या उशाशी बसलो. "जेवढं दुखतंय तेवढं सांग," मी म्हणालो. "कमी करून सांगू नकोस. आम्हाला खरं वाटतं."

सलाईनचा हात रंजनाने धरून ठेवला होता. किती ते दाखवायला प्राचीने दुसरा हात बाजूला नेला, जेवढा जाईल तेवढा, पलंगाच्या कडेच्याही बाहेर. मग ती मोठ्याने रडायला लागली. नर्सने औषध वाढवलं.